उतारावरची माती

गेल्या फेब्रुवारीतील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत झगा उतरवीत होतो. वेदीसेवक मुलांपैकी एक जण द्राक्षारसाची व पाण्याची छोटी सुरई धूत उभा होता. त्याच्या वडिलांचा जालना तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्याने सहज विचारले, "फादर, मिस्सेचा हा द्राक्षारस आपल्याकडच्या द्राक्षांचा असतो का?"

"नाही रे," आम्ही म्हणालो.

"मग आपल्या द्राक्षांत काय कमी आहे?"

प्रश्न मुलाचा होता, पण त्यामागे बापाचा अभिमान होता आणि त्या अभिमानाला लागलेली किंचित ठेचही होती. आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर आमचे आम्हांलाच पटले नाही. पुढे काही महिने या विषयाचे जे वाचन व विचारपूस झाली, त्यातून हा लेख उभा राहिला आहे.

आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही आमच्या धर्मग्रामांतून पाहिली आहेत. अशा घरांतील मातांची आसवेही पाहिली आहेत. तेव्हा मद्यपानाचा गौरव करण्यासाठी ही लेखणी उचललेली नाही. परंतु जो पदार्थ प्रभूने आपल्या अखेरच्या भोजनासाठी निवडला, तो कोठून येतो आणि त्याला घडवण्यासाठी माती व माणूस यांना काय करावे लागते, हे जाणून घेण्यात गैर काही नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९२४ वे कलम द्राक्षारसाविषयी फार थोडे सांगते. तो नैसर्गिक असावा, द्राक्षांच्या फळापासून झालेला असावा आणि बिघडलेला नसावा, एवढेच. देश, वाण किंवा रंग यांचा त्यात उल्लेख नाही. आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची सोय ठेवली आहे. म्हणजे जालन्याच्या द्राक्षाला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर ती माती, हवा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव यांची आहे. ती समजून घेण्यासाठी आपण थोडा वेळ फ्रान्समधील एका लहानशा गावी जाऊ.

शाब्लीचा डोंगर

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे १८० किलोमीटरवर, सरें नावाच्या लहानशा नदीकाठी शाब्ली हे गाव आहे. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा पांढरा द्राक्षारस जगभर जातो. तो गोड नसतो. तो स्वच्छ, हलका आणि जिभेला किंचित आंबट झणका देणारा असतो. जाणकार त्याची तुलना ओल्या दगडाशी व समुद्राच्या शिंपल्याशी करतात.

शिंपल्याची ही तुलना ऐकून हसू येईल, पण तिला आधार आहे. शाब्लीच्या उतारांवरील माती ही चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण आहे. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या लहान लहान कालवांचे शिंपले आजही शेतातल्या दगडांत दिसतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमरिज या खेड्यावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी या थराला किमरिजियन असे नाव दिले. डोंगरमाथ्यावर याहून नंतरचा, अधिक कठीण चुनखडक आहे. तेथील द्राक्षारस 'लहान शाब्ली' म्हणून कमी दर्जाचा गणला जातो. सर्वांत वरचा मान नदीच्या उजव्या तीरावरील, नैर्ऋत्येकडे तोंड करून असलेल्या सात तुकड्यांना आहे. त्या सातांचे क्षेत्र मिळून जेमतेम शंभर हेक्टर भरते.

हा भेद कोणी ओळखला? इतिहास आपल्याला मठवासीयांकडे नेतो. ८६७ साली फ्रँकांचा राजा चार्ल्स याने, उत्तरेकडील चाच्यांच्या भीतीने तूर शहर सोडून निघालेल्या संत मार्टिनच्या मठवासीयांना शाब्ली येथील मठ दिला. पुढे १११४ साली शाब्लीपासून काही मैलांवर पोंतिन्यी येथे सिस्टर्शियन संघाचा मठ उभा राहिला. आपल्या राजाशी बिनसल्यावर कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांनी आश्रय घेतला, तो याच मठात. प्रार्थना आणि अंगमेहनत ही या संघाची दोन चाके. मिस्सेसाठी द्राक्षारस हवा, पाहुण्यांसाठी हवा आणि विकून मठ चालवण्यासाठीही हवा, म्हणून त्यांनी शाब्लीच्या उतारांवर मळे मिळवले. गावातील त्यांची जुनी इमारत 'लहान पोंतिन्यी' या नावाने आजही ओळखली जाते.

मठाचा एक मोठा लाभ असा की तो मरत नाही. शेतकऱ्याची जमीन मुलांत वाटली जाते, अनुभव त्याच्याबरोबर जातो. मठात मात्र एका बंधूने पाहिलेले दुसऱ्याला, दुसऱ्याने पाहिलेले तिसऱ्याला कळते. कोणत्या उतारावर दहिवर उशिरा वितळते, कोठे पाणी साचते, कोठले फळ आधी पिकते, हे ज्ञान अशा ठिकाणी शतकानुशतके साठत जाते. १७८९ च्या क्रांतीनंतर मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, पण जमिनीविषयीची ती समज गावकऱ्यांकडे राहिली.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. उतारावरची माती पावसाबरोबर खाली येते; हा निसर्गनियम फ्रान्समध्येही तोच आहे. बर्गंडी प्रांतातील शेतकरी पायथ्याशी आलेली ही माती हिवाळ्यात टोपल्यांत भरून, पाठीवर वाहून पुन्हा वर नेत असत. एका पावसात जाणारी माती परत नेण्यास महिना लागे, तरी ते नेत. त्या प्रसिद्ध द्राक्षारसाच्या मुळाशी माती आहे हे खरे. पण ती माती तेथे टिकली आहे ती माणसांच्या पाठीमुळे.

रसाचा द्राक्षारस

मातीचा गुण द्राक्षारसात उतरतो म्हणजे नेमके काय होते? दगडाची चव मुळांतून चढून फळात जाते, असा एक समज आहे. शास्त्र त्याला दुजोरा देत नाही. मातीचे काम निराळे आहे. चुनखडीतून जादा पाणी निचरून जाते, आणि तिच्यातील चिकणमाती उन्हाळ्यासाठी थोडा ओलावा धरून ठेवते. वेलीला पाणी मिळते, पण चैन करता येत नाही. त्यामुळे पानांचा माज कमी होतो, फळ लहान राहते आणि रस दाट होतो.

दुसरे काम हवेचे. शाब्ली थंड मुलुखात आहे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा. फळ पिकताना उष्णता वाढली की हे आम्ल झपाट्याने कमी होते. रात्री गार असल्या की ते टिकते. शाब्लीचा तो झणका या टिकून राहिलेल्या आंबटपणाचा आहे.

तिसरे काम माणसाचे. तेथे शार्दने नावाचे एकच वाण लावतात. सप्टेंबरच्या सुमारास फळ काढून लगेच हलक्या हाताने दाबतात, रस निवळू देतात आणि मग आंबवणीला ठेवतात. किण्व साखर खाऊन तिचे मद्यार्क करते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. ती आवरली नाही तर फळाचा नाजूक गंध उडून जातो. पूर्वी १३२ लिटरची लहान लाकडी पिंपे आणि थंड तळघर यांवर काम भागे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरून गार ठेवता येणाऱ्या पोलादी टाक्या आल्या. पोलाद स्वतःचा वास देत नाही, म्हणून फळ जसे आहे तसे प्रकट होते. पुढे दुसऱ्या टप्प्यात जीवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. दह्यात असते तेच हे सौम्य आम्ल. त्याने बोचरेपणा जातो आणि तरतरी उरते. काही महिने तळाशी बसलेल्या गाळावर विसावल्यानंतर द्राक्षारस बाटलीत जातो. चांगले फळ असेल तर करणाऱ्याचे कौशल्य हात आखडता घेण्यात आहे, असे म्हणावेसे वाटते.

जालन्याची जमीन

आता आपल्या अंगणात येऊ. शाब्ली आणि जालना येथील वार्षिक पाऊस जवळजवळ सारखा, म्हणजे सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर आहे, हे वाचून आम्ही चकित झालो. पण त्यांचा पाऊस बाराही महिने थोडाथोडा येतो. आपला चार महिन्यांत येतो, त्यातही काही मोजक्या दिवसांत कोसळतो आणि जाताना माती घेऊन जातो.

आपली जमीन समुद्राची नाही, अग्नीची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन वर माळाची मुरमाड जमीन आणि खाली नदीकाठची खोल काळी जमीन झाली. काळी जमीन कापसाची माउली. पण द्राक्षवेलीला ती मानवत नाही. हे आम्ही स्वतःच्या अज्ञानाने शिकलो. काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने चर्चच्या आवारातील काळ्या जमिनीत चार वेली लावल्या. पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजली. एका वृद्ध शेतकऱ्याने त्या उपटून दाखवल्या आणि एवढेच म्हणाले, "फादर, वेलीला पाणी पाजायचं असतं, बुडवायचं नसतं."

तरीही द्राक्ष या भागाला नवीन नाही. चौदाव्या शतकात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादच्या द्राक्षांचा उल्लेख करतो आणि ती वर्षातून दोनदा येतात असे सांगतो. त्याचे हे निरीक्षण अचूक होते. फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर पाने गाळून झोपते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून आपला बागाईतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास काडी तयार होण्यासाठी खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना पिकते. साखर भरपूर भरते, आंबटपणा ओसरतो. शिवाय आपली द्राक्षे खाण्यासाठी घडवलेली आहेत. ती मोठी, पातळ सालीची, बिनबियांची व रसाळ असतात. खाणाऱ्याला जे हवे तेच द्राक्षारस करणाऱ्याला नको असते. त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. आपल्या द्राक्षांत कमी काहीच नाही. ती निराळ्या कामाची आहेत.

फ्रेंच धर्तीचा पांढरा द्राक्षारस महाराष्ट्रात झाला तो नाशिककडे. शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही फ्रेंच वाणे तेथील उंचावरच्या, गार रात्रींच्या भागात लावली गेली. फळ लवकर व दिवसाच्या थंड वेळी काढायचे आणि रस गार टाक्यांत आंबवायचा, या युक्तीने उष्ण देशातही आंबटपणा राखता आला. सुला या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने या उद्योगासाठी धोरण आखले. पण २००८ नंतर मागणी घसरली आणि केवळ वाइनसाठी वेली लावलेल्या अनेक शेतकऱ्यांवर त्या उपटण्याची पाळी आली. खाण्याचे द्राक्ष निदान कोठल्याही बाजारात विकता येते. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, कारखाना. हे ज्याने त्याने ध्यानात ठेवावे.

फ्रान्स आणि आपले शेतकरी यांच्यात एक नाते मात्र आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नाही. मोसंबीच्या बुंध्याला निळसर लेप लावलेला आपण जालन्यात ठिकठिकाणी पाहतो. मोरचूद आणि चुना यांचे हे बोर्डो मिश्रण. बोर्डो हे फ्रान्समधील शहर. तेथील प्राध्यापक मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवडा रोगावर हा उपाय १८८५ साली प्रसिद्ध केला. याच मिलार्दे यांनी आणखी एक उपकार केला. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या वेलींची मुळे खाऊन टाकली. शाब्लीचा मुलुखही उजाड झाला. उपाय सापडला तो किडीच्याच माहेरी. अमेरिकन वेलीच्या मुळांवर फ्रेंच वेलीचे कलम बांधायचे. परंतु अमेरिकन मुळांना शाब्लीची चुनखडी सोसेना, पाने पिवळी पडत. मिलार्दे यांनी संकरातून चुनखडी सोसणारा खुंट तयार केला आणि शाब्ली पुन्हा हिरवी झाली. आज आपले बागाईतदार क्षार आणि पाण्याची टंचाई सोसणाऱ्या डॉगरिज या खुंटावर कलम बांधतात; तोही मूळचा अमेरिकेतील टेक्सासचा. मुळे एका खंडाची, फांदी दुसऱ्याची आणि माती तिसऱ्याची. द्राक्षवेलीने माणसांच्या सीमा फारशा मानलेल्या दिसत नाहीत.

कडवंची

जालना तालुक्यातील कडवंचीचे नाव आज द्राक्षांचे गाव म्हणून सर्वतोमुखी आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तसे नव्हते. उघडे माळ, पावसाबरोबर वाहणारी माती, उन्हाळ्यात कोरड्या विहिरी आणि मजुरीसाठी बाहेर पडणारी माणसे, हे मराठवाड्याच्या कोणत्याही गावाचे चित्र तेथेही होते. १९९६ पासून तेथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम सुरू झाले. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र व मराठवाडा शेती सहाय्य मंडळ यांनी ते हाती घेतले. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्यामागे होते.

या कार्यक्रमाच्या मुळाशी एक धर्मगुरू होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक असायला हवे. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी शेतकऱ्यांमध्ये त्यांनी आयुष्य वेचले. विहिरी खणून देऊन भागत नाही, विहिरीत पाणी यायचे तर आधी डोंगरावरचा पाऊस थांबवला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यातून जर्मनीच्या साहाय्याने हा कार्यक्रम उभा राहिला. पाण्याचे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने करायचे, हे त्याचे सूत्र. सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या गावांत तो चालला. २०२१ साली फादर बाखर देवाघरी गेले.

कार्यक्रमाच्या अटी सोप्या नव्हत्या. गावकऱ्यांनी श्रमदान करायचे, झाडे तोडायची नाहीत, माळावर जनावरे मोकळी सोडायची नाहीत. ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याला चराईबंदी म्हणजे काय, हे आम्ही समजू शकतो. कडवंचीने ते सोसले. माथ्यावर समतल चर निघाले, शेतांना बांध पडले, ओढ्यांवर बंधारे झाले. वाहणारी माती जागच्या जागी थांबली आणि तिच्यात पाणी मुरू लागले. विहिरींना पाणी आले, तसा द्राक्षाचा मांडव आला. पुढे ठिबक आले, शेकडो शेततळी झाली. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून सरपण झाल्या. कडवंचीच्या बागा त्या वर्षीही उभ्या राहिल्या.

बर्गंडीचा शेतकरी माती पाठीवरून वर नेत होता, कडवंचीच्या शेतकऱ्याने ती खाली येऊच दिली नाही. दोघांमध्ये आठशे वर्षांचे आणि सात हजार किलोमीटरांचे अंतर आहे. काम एकच आहे.

पुढे काय

यशाला जोडून काळजी येते. शेततळे पावसाच्या पाण्याने भरावे ही मूळ कल्पना. परंतु अनेक ठिकाणी विहिरीतून उपसून तळे भरले जाते. जमिनीच्या पोटात सर्वांचे असलेले पाणी अशा रीतीने एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात उडून जाते. ज्या गावाने एकत्र येऊन पाणी मुरवले, त्याने ते एकेकट्याने उपसावे, हे त्या श्रमदानाशी विसंगत नाही का? शाब्लीलाही हा मोह चुकला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मळे आटून सुमारे पाचशे हेक्टरांवर आले होते. आज ते साडेपाच हजारांहून अधिक आहेत. शाब्ली हे नाव कोणत्या जमिनीला लावावे, फक्त किमरिजियन मातीला की शेजारच्या उतारांनाही, यावर १९७० च्या दशकात तेथे कडाक्याचे भांडण झाले. माती राखण्यापेक्षा लोभ आवरणे कठीण.

आणि निसर्गापुढे दोघेही सारखेच उघडे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्याचे तोडणीला आलेले घड मातीत मिळवले. एप्रिल २०२१ मध्ये शाब्लीच्या कोवळ्या कोंबांवर हिम पडले. ते वाचवण्यासाठी शेतकरी रात्रभर मळ्यात हजारो मशाली पेटवून जागत होते. २२ जानेवारीला, द्राक्षबागाईतदारांचे आश्रयदाते संत व्हिन्सेंट यांच्या सणाला, तेथील लोक चर्चमध्ये का जमतात, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

वेदीसेवक मुलाला आम्ही नंतर बोलावून घेतले. म्हटले, "तुझ्या बाबांच्या द्राक्षाचा द्राक्षारस वेदीवर नाही, कारण ते द्राक्ष खाण्यासाठी वाढवलेले आहे, आणि त्यात त्याचा मान आहे. पण अर्पणाच्या वेळी आम्ही द्राक्षारस वर धरतो ना, तेव्हा वेलीचे नाव घेतो आणि माणसाच्या श्रमाचेही घेतो. त्यात तुझे आजोबा चर खणत होते तो दिवसही येतो."

त्याने थोडा विचार केला. "आजोबा सांगतात," तो म्हणाला, "तेव्हा त्यांना वाटायचं, आपण उगाच खड्डे खणतोय."

तसे वाटणाऱ्यांनीच ते खणले, हे आम्ही त्याला सांगितले. पुढच्या पावसाळ्यात तरुण मंडळींना घेऊन गावाबाहेरच्या माळावरील बुजत आलेले जुने चर मोकळे करण्याचा आमचा विचार आहे. कुदळी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत आहे.